पेशीच्या बाहेरच्या जाळीचं जीनला कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स (पेशीबाहेरची प्रथिनांची जाळी) म्हणजे तर पेशींच्या मधला भराव, मग तो सेल जंक्शन (पेशी-पेशींमधले सांधे) आणि जीनवर परिणाम कसा करतो. आधी तो भराव शब्द डोक्यातून काढा. मलाही बीएस्सीला "विटांमधलं सिमेंट" असंच शिकवलं होतं, मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेत.

माझा समज मोडला तो इथे बडोद्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टला. उंदराच्या दूधग्रंथीतल्या पेशी वाढवायच्या होत्या. साध्या प्लास्टिकच्या डिशमध्ये त्या मस्त वाढतात, पोळीसारख्या चपट्या पसरतात, पण दूध बनवायचं विसरतात. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) द्या, इन्सुलिन द्या, केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) जवळपास शून्य. त्याच पेशी मॅट्रिजेलवर टाकल्या (मॅट्रिक्सच्या प्रथिनांची जेली, उंदराच्या एका ट्यूमरपासून काढतात, लॅमिनिन नावाचं मॅट्रिक्सचं प्रथिन भरपूर असतं) की काही दिवसांत गोळा होऊन पोकळ बॉल बनवतात, एकमेकींना घट्ट धरतात आणि आतल्या पोकळीत केसीन सोडतात. डीएनए तोच, हॉर्मोन तेच, बदललं ते फक्त पायाखालचं.

पहिल्या वेळी मी घोळच घातला होता. मॅट्रिजेल बर्फावर सांभाळावं लागतं, पिपेटच्या टिपासुद्धा गार हव्यात, आणि मे महिना, एसी बंद, मी ट्यूब बाहेर रॅकमध्ये ठेवून आईचा फोन घेतला (स्थळ आलं होतं, दुसरं काय) आणि परत येऊन बघते तर ट्यूबमध्येच जेली. मॅडम काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

आता कसं होतं ते. मंगळागौरीची फुगडी आठवा. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी कोबा होता, पाय असे रोवले जायचे की आत्या आणि मी पार मागे झुकून गरगर फिरायचो, आणि म्हणूनच एकदा घामाचे हात सुटून दोघी दोन भिंतींवर. नव्या फ्लॅटच्या गुळगुळीत टाइल्सवर पाय धरतच नाहीत, त्यामुळे कुणी जोरात ओढतच नाही. पेशीचं थोडंफार असंच. पाय म्हणजे इंटिग्रिन ही पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं, ती मॅट्रिक्समधल्या कोलॅजन-लॅमिनिनला धरतात. हात म्हणजे कॅडहेरिन ही प्रथिनं, ती शेजारणीला धरतात. आणि दोन्ही आतून एकाच ॲक्टिनच्या दोऱ्यांना (पेशीच्या आतला सांगाडा) बांधलेले, त्यामुळे पायाला जे जाणवतं ते हातापर्यंत पोचतंच. खालचं कडक असलं की इंटिग्रिनचे झुपके जमतात, मायोसिन (ॲक्टिनचे दोरे ओढणारं प्रथिन) जास्त ओढायला लागतं, आणि ओढ प्रमाणाबाहेर गेली की जंक्शन सैल पडून पेशी सुट्या होऊन पांगतात. थोडी ओढ मात्र जंक्शनला हवीच असते, तिने ते उलट पक्कं होतं. कडकपणातला फरकही साधासुधा नाही, निरोगी स्तनाचं टिश्यू काही शे पास्कल (कडकपणा मोजायचं एकक) आणि डिशचं प्लास्टिक गिगापास्कलमध्ये, म्हणजे अब्जांत! म्हणजे आपण ज्याला नॉर्मल कल्चर म्हणतो ते पेशीसाठी फुटपाथवर झोपण्यासारखं आहे.

जीनपर्यंत निरोप एकाच वाटेने जात नाही. सगळ्यात सोपी वाट याप (YAP) नावाच्या प्रथिनाची, 2011 मध्ये दाखवलं गेलं की कडक पृष्ठभागावर पसरलेल्या पेशीत ते केंद्रकात असतं आणि वाढीचे जीन चालू करतं, मऊवर ते केंद्रकाबाहेरच राहतं. पेशी दाटीवाटीने असतील तर जंक्शनसुद्धा त्याला बाहेर अडवतात, म्हणजे हातांचंही इथे चालतं. बीटा-कॅटेनिन हे प्रथिन तर दोन्हीकडचं, कॅडहेरिनला चिकटलेलं असतं तोवर जंक्शनचं काम, मोकळं होऊन टिकलं तर केंद्रकात जाऊन जीन चालू करणार. शिवाय ॲक्टिन केंद्रकाच्या आवरणाला जोडलेलं असतं, त्यामुळे नुसत्या ओढीनेही आत बदल होऊ शकतात.

मला सगळ्यात आवडणारा पुरावा केसीनचाच आहे. अमेरिकेतल्या पेशीशास्त्रज्ञ मीना बिसेल यांनी 1982 मध्येच मांडलं होतं की मॅट्रिक्स आणि केंद्रक एकमेकांशी दोन्ही दिशांनी बोलतात, तेव्हा फार लोकांना ते पटलं नव्हतं. पुढे त्यांच्या गटाने गाईच्या बीटा-केसीन जीनमध्ये 160 बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) एक तुकडा शोधला जो मॅट्रिक्स आणि प्रोलॅक्टिनला प्रतिसाद देतो, आणि तोही क्रोमोसोममध्ये बसवलेला असला तरच, नुसता प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या सुट्या वर्तुळात) तरंगत असला तर नाही. म्हणजे बाहेरची जाळी थेट क्रोमॅटिनच्या (प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएच्या) घडीपर्यंत पोचते.

आणि 1997 चा प्रयोग, तोही त्यांच्याच लॅबचा. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी मॅट्रिजेलमध्ये वेड्यावाकड्या ढिगासारख्या वाढत होत्या, त्यांचं बीटा-1 इंटिग्रिन अँटिबॉडीने अडवलं तर म्युटेशन तशीच असताना त्या वाढ थांबवून नीट गोळे करून बसल्या, जंक्शनसुद्धा जागेवर. हे डिशमधलं आहे हां, औषध म्हणून समजू नका. अँटिबॉडी काढून टाकली की परत जैसे थे.