गोळी मला सोसत नाही, मग बाळाला कशी सोसेल?

एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) नव्याने सुरू झालेल्या प्रत्येकाला मी पहिल्या पंधरवड्यातच परत बोलावते आणि येताना गोळ्यांची बाटली घेऊन यायला सांगते. ती बाराव्या दिवशी आली. (तिची ओळख पटेल असा कोणताही तपशील इथे ठेवलेला नाही.) बाटली पिशवीच्या तळाशी, रुमालात घट्ट गुंडाळलेली होती. लेबल नखाने खरवडून काढलेलं, त्याचे पांढरे चट्टे तेवढे राहिले होते. बाटलीत 30 गोळ्या असतात. अकरा रात्री झाल्या होत्या, म्हणजे 19 उरायला हव्या होत्या. ट्रेमध्ये ओतून मोजल्या तर 24 भरल्या.

"ताई, पाच जास्त आहेत," मी एवढंच म्हणाले.

ती बराच वेळ ट्रेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, ही गोळी मला सोसतच नाही. रात्री घेतली की सकाळी सगळं उलटून पडतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मला, एवढ्या मोठ्या बाईला सोसत नाही, तर पोटातल्या जिवाला कशी सोसेल?"

तिला तेरावा आठवडा चालू होता. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत एचआयव्हीचं निदान झालं आणि अकराव्या आठवड्यात टीएलडी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्राविर ही तीन औषधं एकत्र असलेली रोजची एक गोळी सुरू झाली. निदानाचा धक्का, पोटुशी असणं आणि नवं औषध, तिन्ही एकदमच अंगावर आलेलं.

गोळ्या चुकवणारी बाई निष्काळजी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिचा हा प्रश्न एकदा ऐकावा. ती बाळाच्या जिवासाठीच गोळी टाळत होती.

अशा वेळी "होईल हळूहळू सवय" हे वाक्य तोंडाशी येतं. मी ते वाक्य सोडून दिलं आहे आणि त्याला कारण आहे. या कामाच्या सुरुवातीच्या काळात एका बाईला मी असंच सांगितलं होतं. तिच्या औषधांत झिडोवुडिन हे एचआयव्हीचं जुनं औषध होतं. "जिना चढताना धाप लागते" असं ती म्हणाली आणि मी सवय होईल म्हणून तिला घरी पाठवलं. ती पुढच्या दोन तारखांना आलीच नाही. आली तेव्हा रक्त भरावं लागलं. झिडोवुडिनने काहींचं हिमोग्लोबिन उतरतं, हे मला पाठ होतं. तरी मी तिला एक प्रश्नही विचारला नाही. त्याच झिडोवुडिनने, एकट्याने, आईकडून बाळाला होणारी लागण 25 टक्क्यांवरून 8 टक्क्यांपर्यंत खाली आणली होती, हे 1994 मध्ये जगासमोर आलं. औषध गुणाचं असणं आणि एखादीला त्याचा त्रास होणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. म्हणून आता मी आधी त्रास ऐकून घेते, तोही तासातासाचा.

एक कोरा कागद घेतला. "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय झालं, सांगा."

सकाळी उठल्या उठल्या मळमळ, दोन उलट्या. अकरापर्यंत बरं वाटायला लागलं. दुपारी नीट जेवण. संध्याकाळी छातीत जळजळ, म्हणून आम्लपित्ताचं पातळ औषध. रात्री दहाला लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी, तिन्ही एका घोटात, रिकाम्या पोटी. मग तीनपर्यंत जागरण.

"आता त्या पाच रात्री आठवा. गोळी घेतली नाही, त्यानंतरच्या सकाळी उलटी झाली?"

ती बोटं मोजत थांबली. "झाली की," म्हणाली, आणि मग स्वतःच चमकून माझ्याकडे बघितलं.

उलट्यांचा मोठा वाटा गरोदरपणाचा होता. डोलुटेग्राविरनेही सुरुवातीला मळमळ होऊ शकते, पण हिच्या उलट्या गोळीच्या वेळापत्रकाने येत नव्हत्या. झोपेचं मात्र वेगळं. या औषधाने काहींची झोप उडते, डोकं दुखतं. तिचं त्याबाबतीत काहीच चुकत नव्हतं, आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. सगळा त्रास "मनाचा" म्हणून उडवून लावला की पेशंट पुढच्या वेळी खरं सांगत नाही.

मग हळूच दुसरी भीती बाहेर आली. नवऱ्याने मोबाईलवर वाचलं होतं की या औषधाने बाळाच्या मणक्यात दोष राहतो. ही बातमी हवेतून आलेली नाही. 2018 मध्ये बोट्स्वानातल्या एका मोठ्या पाहणीत, गर्भ राहताना डोलुटेग्राविर घेत असलेल्या स्त्रियांच्या 426 बाळंतपणांत असे 4 दोष दिसले आणि जगभर इशारा गेला. पाहणी थांबली नाही. हजारो बाळंतपणांची नोंद होत गेली तसा तो फरक विरत गेला, आणि पुढे इतर औषधांच्या तुलनेत जास्त धोका दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये गरोदर स्त्रियांसकट सर्वांसाठी याच औषधाला पहिली पसंती दिली. मोबाईलवर मात्र जुना इशारा अजून तसाच फिरतोय. शिवाय बाळाच्या मणक्याची नळी गर्भधारणेनंतर चारेक आठवड्यांतच मिटते, आणि हिची गोळी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सुरू झाली होती. हे मी कागदावर रेघ ओढून दाखवलं, रेघेवर दोन टिंबं. त्या दोन टिंबांमधल्या अंतराकडे ती बराच वेळ बघत होती.

तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यानंतर दिलं. आईला होणारी मळमळ किंवा जागरण हे बाळाला इजा होत असल्याचं माप नाही. बाळाला खरा धोका आईच्या रक्तातल्या विषाणूचा. उपचारच घेतले नाहीत तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध मिळून शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते. परिणामकारक उपचारांनी हा आकडा 5 च्या खाली येतो, आणि औषध लवकर सुरू होऊन व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) दबलेलाच राहिला तर एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. त्या पाच गोळ्या मला म्हणूनच महत्त्वाच्या वाटत होत्या. मध्ये मध्ये खंड पडला की विषाणू डोकं वर काढतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

तिच्या कागदावर एक गोष्ट मला उलट्यांपेक्षा जास्त खटकली होती. लोह, कॅल्शियम आणि डोलुटेग्राविर रिकाम्या पोटी एकत्र गेले तर हे क्षार औषधाला धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरतं उतरत नाही. म्हणजे ज्या रात्री तिने इतकं सोसून गोळी घेतली, त्या रात्रीही ती पूर्ण लागू पडली नसावी. गरोदरपणात लोह-कॅल्शियम तर हवंच. म्हणून एचआयव्हीची गोळी त्यांच्या किमान 2 तास आधी किंवा 6 तास नंतर घ्यायची. पोटात जेवण असेल तर लोह-कॅल्शियम तिच्यासोबत चालतं. आम्लपित्ताच्या अॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेल्या औषधाला मात्र जेवणाचीही सूट नाही, ते लांबच ठेवायचं. हे औषध सुरू करताना सांगितलं जायला हवं होतं. बहुधा सांगितलंही असेल, पण निदानाच्या दिवशी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहतं?

कागद घेऊन आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. गोळी दुपारच्या जेवणानंतर घ्यायची ठरली, कारण ती वेळ उलट्यांची नव्हती आणि जागरणापासूनही लांब होती. लोह-कॅल्शियम रात्री. उलट्यांसाठी गरोदरपणात चालणारं डॉक्सिलॅमिन आणि बी-6 मिळालं, त्याने झोपही येते. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर पुन्हा एक घ्यायची आणि आम्हाला फोन करायचा, हा डॉक्टरांनी दिलेला नियम तिने स्वतःच्या अक्षरात लिहून घेतला.

कोणता त्रास झाला तर वाट बघत बसायचं नाही, तेही त्याच कागदाच्या मागे लिहिलं. अंगावर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल होणं. डोळे पिवळे, लघवी गडद. धाप. पाणीही पोटात न टिकणं. खोकला, ताप, गळ्यात गाठी, कारण औषधाने प्रतिकारशक्ती जागी होताना आत दडलेला टीबी सुरुवातीच्या आठवड्यांत उघडा पडू शकतो. आणि पुढच्या महिन्यांत खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी: तो रक्तदाबाचाही इशारा असू शकतो, गोळीच्या नावावर ढकलून घरी बसायचं नाही. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं. गोळी थांबवायची की बदलायची, हे डॉक्टर ठरवतील.

लेबलाबद्दल मी शेवटी विचारलं. घरात नवऱ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. दुपारी सासूबाई समोर असतात, मग गोळी काढायची कशी? एवढी नेटकी योजना इथेच कोलमडली असती. सासूबाईंना सांगायचं की नाही हा तिचा प्रश्न, मी त्यात घाई केली नाही. गरोदर बाईच्या हातात गोळी दिसली तर कोणी विचारत नाही, हे तिनेच सुचवलं. रोजची एक गोळी तेवढी छोट्या डबीत काढायची आणि बाकीची बाटली, ओल शोषणाऱ्या पुडीसकट, घट्ट बंद ठेवायची, असं ठरलं.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "काल पाच-सहा तास झोपले. उलटी झाली पण."

"किती वाजता?"

"सकाळी. गोळीच्या कितीतरी आधी."

तिसऱ्या आठवड्यानंतर डोकेदुखी गेली. झोप पूर्ण रुळायला सहा आठवडे लागले. उलट्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास थांबल्या, औषध चालू असतानाच. बाळंतपणाआधीच्या तपासणीत व्हायरल लोड मोजता येईल त्या पातळीच्याही खाली होता.

बाळ झाल्यावर त्याला लागण होऊ नये म्हणून द्यायचं नेव्हिरॅपिनचं पातळ औषध समजून घ्यायला ती माझ्यासमोर बसली. मी मापाच्या पिचकारीवरची रेघ दाखवत होते. तिने मला मध्येच थांबवलं.

"मॅडम, औषध दिल्यावर याने दूध ओकलं तर? किती वेळाच्या आत ओकलं तर परत द्यायचं?"

नेमका आकडा डॉक्टरांकडूनच लिहून घेऊ, म्हणून आम्ही तिघं उठून आत गेलो.