विंडोज ११ वर जुन्या मिनीडिस्क प्लेअरमध्ये संगणकातली गाणी कशी भरायची?

आधी तुमच्या प्रश्नापुरतं. तुम्ही लिहिलंय की काकांचा सोनीचा नेट एमडी, म्हणजे यूएसबीने संगणकाला जोडता येणारा मिनीडिस्क प्लेअर तुमच्याकडे आलाय, सोबत काही डिस्क आहेत, गाणी भरायचा सोनीचा जुना प्रोग्रॅम सोनिकस्टेज विंडोज ११ वर चालायला तयार नाही, आणि कुणीतरी सांगितलंय की यूएसबीचा नाद सोडा, वायर लावून रेकॉर्ड करत बसा, त्यातच खरा आवाज येतो.

सोनिकस्टेज विसरा. क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये वेब मिनीडिस्क प्रो हे पान उघडा, प्लेअर यूएसबीने जोडा, कनेक्ट दाबा आणि फाइली ओढून टाका. एमपी३, फ्लॅक, वेव्ह, सगळं घेतो. विंडोजवर आधी एकदा झाडिग नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने प्लेअरला विनयूएसबी ड्रायव्हर लावावा लागतो, मॅकवर तेही नाही. फाइल टाकली की ते विचारतं, एसपी, एलपी२ की एलपी४, म्हणजे आवाज किती दाबून भरायचा? एसपीत सगळ्यात कमी दाबला जातो. एसपी म्हणा. झालं.

पण ज्याने तुम्हाला वायर लावायला सांगितलं त्याला कुणी अडाणी म्हणू नये म्हणून पुढचं लिहितोय. त्या माणसाचं म्हणणं एके काळी शंभर टक्के बरोबर होतं, आणि ते बरोबर होतं म्हणून माझं आणि आमच्या दाजींचं इतकी वर्षं वाजलंय.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. अंबडला एका कारखान्यात होते. २००५ साली कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं, तिथून येताना त्यांनी नेट एमडी रेकॉर्डर आणला. तेव्हा नाशकात मेनरोडच्या कॅसेटवाल्यांना मिनीडिस्क म्हणजे काय हे दाखवून सांगावं लागायचं. ६४ मिलिमीटरची चकती, चौकोनी प्लॅस्टिकच्या डबीत बंद, वर सरकणारी पत्र्याची खिडकी. लेसर ती जागा तापवतो, वरून चुंबकी हेड लिहितं, जागा गार झाली की लिहिलेलं पक्कं. इतकं सुंदर यंत्र मी त्याआधी हातात धरलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

आमचे नाना, म्हणजे वडील, पंचवटीतल्या भजनी मंडळात टाळकरी होते. मंडळाच्या काकड्याची एक कॅसेट घरात होती. कार्तिकातली पहाट, वाड्याची ओसरी, खांबाला टेकवून ठेवलेला टेपरेकॉर्डर. गाणाऱ्यांपैकी बरेच जण तोवर गेले होते. कॅसेटचा आवाज दरवर्षी आणखी दबत होता, म्हणून ठरलं की ती मिनीडिस्कवर घ्यायची. दाजींनी मनावर घेतलं आणि शिस्तीत केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. टेपडेकमधून संगणकात वेव्ह फाइल केली, दोन्ही बाजूंचे तुकडे पाडले, सोनिकस्टेजमध्ये घेतले आणि यूएसबीने डिस्कवर पाठवले. मोड एसपी. डिस्प्लेवरही एसपीच दिसत होतं, मी स्वतः पाहिलं.

नानांनी हेडफोन लावला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "टाळ वाजतोय, पण आस मिळत नाही. आपटला की संपला. आणि मागे काहीतरी सळसळतंय."

दाजी म्हणाले, "नाना, हे डिजिटल आहे. आकडे जसेच्या तसे जातात. फरक पडूच शकत नाही."

जावई बोलतायत म्हटल्यावर नाना गप्प बसले. मला बसवेना. कारण मीही ऐकलं होतं. टाळ मोकळा सोडला की त्याचा आवाज लांबत जातो, कापत कापत विरतो. कॅसेटवर, इतक्या जुन्या कॅसेटवरसुद्धा, ते विरणं ऐकू येत होतं. डिस्कवर ते मध्येच कुरतडल्यासारखं तुटत होतं, आणि टाळ एकदम पडले की त्यांच्याभोवती पाण्यासारखी खळखळ यायची.

दाजींनी साउंड कार्डाला दोष दिला. मग मी काय केलं ते नीट सांगतो. तीच वेव्ह फाइल, तोच संगणक, तेच साउंड कार्ड. फाइल संगणकावर वाजवली, साउंड कार्डातून वायर काढून रेकॉर्डरच्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायच्या भोकाला, लावली आणि जितक्या वेळाचं भजन तितका वेळ बसून एसपीत रेकॉर्ड केली. तेव्हा भारनियमन होतं, त्यामुळे वीज असलेल्या वेळा धरूनच हे करावं लागलं. एकाच डिस्कवर आधी यूएसबीने आलेला ट्रॅक, त्यापुढे वायरीने आलेला. म्हणजे डिस्क तीच, लेसर तोच, हेडफोन तोच, बॅटरीसुद्धा तीच. फरक फक्त वाटेचा. आणि पाहा, वायरीच्या वाटेत साउंड कार्डाला आवाज पुन्हा बाहेर काढावा लागतो, म्हणजे दोष कार्डाचा असता तर वायरीचा ट्रॅक जास्त खराब निघायला हवा होता. मग रिमोट मुठीत धरून, डिस्प्ले झाकून, नानांना उलटसुलट ऐकवलं. दर वेळी त्यांनी वायरीच्या ट्रॅकवर मान हलवली. ताईनेही तोच ओळखला.

दाजींचं उत्तर, "मानसिक आहे."

हा शब्द मग आमच्या घरात मुक्कामाला आला. दिवाळी पाडवा, भाऊबीज, नानांचा वाढदिवस, विषय कुठलाही असो, मी काही म्हटलं की "मानसिक आहे." नाना त्यावर कधी वाद घालत बसले नाहीत, पण ऐकायला घ्यायचे ती वायरीचीच.

खरं काय होतं ते नंतर वाचनात आलं, आणि ते तुमच्यासारख्या नव्याने यात पडणाऱ्याला माहीत असायला हवं. सीडीवर दर सेकंदाला १,४११ किलोबिट असतात. मिनीडिस्क अ‍ॅट्रॅक पद्धतीने ते दाबते: एसपीत २९२, एलपी२ मध्ये १३२, एलपी४ मध्ये ६६. मोठ्या आवाजाआड लपलेले बारीक आवाज कानाला कळत नाहीत, या हिशोबावर ती गाळणी चालते. २९२ पर्यंत हा हिशोब छान जमतो. त्याखाली गेलात की सगळ्यात आधी मरतो तो टाळ, घुंगरू, तंबोऱ्याची जवारी. आता खरी गोम. सोनिकस्टेजमधून तुम्ही एसपी निवडलं तरी संगणक आधी गाणं एलपी२ सारखं दाबायचा, ते यूएसबीने पाठवायचा, आणि रेकॉर्डर ते पुन्हा एसपीच्या मापात बसवायचा. डिस्कवर जागा एसपीची जायची, डिस्प्लेवर एसपी यायचं, आवाज मात्र एलपी२ चा, तोही दोनदा दाबलेला. त्यात आमची कॅसेट जुनी. टेपची सूं म्हणजे या गाळणीला सगळ्यात अवघड माल, निम्मे बिट त्या सूंवरच खर्च होणार, मग टाळांना काय उरणार? नानांनी जे ऐकलं ते तिथे होतं. मनात नव्हतं, डिस्कवर होतं.

नेट एमडी २००१ साली आलं तेव्हापासून हे असंच चालत होतं. खोक्यावर लिहिलेलं असायचं, वेगाने गाणी भरा. वेग होता. शिवाय पहारा होता: एक गाणं तीनदाच डिस्कवर द्यायचं, मग आधीची प्रत परत जमा केल्याशिवाय चौथी नाही. स्वतःच्या वडिलांच्या भजनाला ही अट! मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. ज्या कंपनीने १९९२ मध्ये एवढं देखणं यंत्र काढलं, तिनेच त्याला संगणकाशी जोडताना असे हात बांधून ठेवले. मिनीडिस्क मागे पडली याचं माझ्या मते हे एक मोठं कारण आहे.

आणि आता यूएसबी का चालेल? वेब मिनीडिस्क प्रो एसपीसाठी संगणकावर काही दाबतच नाही. कच्चा आवाज जसाच्या तसा प्लेअरकडे पाठवतं, आणि प्लेअरमधली चिप तो स्वतः अ‍ॅट्रॅकमध्ये बसवते, वायरीने रेकॉर्ड करताना बसवते तशीच. म्हणून एलपीपेक्षा एसपीला वेळ जास्त लागतो, तो लागू द्या. दाजींचं म्हणणं होतं की यूएसबी काय आणि वायर काय, एकच. २००५ साली ते चूक होतं. आज ते खरं आहे, आणि ते खरं केलं आहे या यंत्रावर जीव असलेल्या लोकांनी, प्लेअर आणि संगणक आपसात काय बोलतात ते उकलून. दाजी, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. आकडे जसेच्या तसे जात नव्हते. एवढं एकदा मान्य करा, मग पाडव्याला दुसरा विषय काढू.

तुम्हाला माझा सल्ला असा की डिस्प्लेवर काय लिहिलंय यावर कधीच जाऊ नका. ज्या माणसाचं गाणं आहे, ज्याचे हात त्या वाद्यावर वर्षानुवर्षं चाललेत, त्याला ऐकवा आणि तो म्हणेल ते धरा. संगणकवाल्याचं मत त्यानंतर.

काही गोष्टी राहिल्या. झाडिग उघडल्यावर यादीत नेट एमडी नीट पाहूनच निवडा. चुकून कीबोर्डाला किंवा माउसला तो ड्रायव्हर लावलात तर ते बंद पडतील. फायरफॉक्स आणि सफारीत हे पान प्लेअरशी बोलू शकत नाही. मोबाइलच्या चार्जरबरोबर मिळणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांनी काही होणार नाही. बऱ्याच नेट एमडींना जुनी मिनी यूएसबी लागते, काही मॉडेलांना खास स्टँड लागतो, तो नसेल तर शोधावा लागेल.

गाण्यांची नावं देवनागरीत देऊ नका. प्लेअरला रोमन अक्षरं आणि जपानी लिपी एवढंच येतं. भरणं संपल्यावर डिस्प्लेवर टीओसी एडिट असं लुकलुकतं, तेव्हा बॅटरी काढू नका, केबल उपटू नका, प्लेअर हलवू नका. डिस्कची अनुक्रमणिका त्या क्षणी लिहिली जात असते. ती गेली तर गाणी डिस्कवर असूनही प्लेअरला सापडत नाहीत.

एलपी२ ला मी वर बरंच बोललो, पण बसमध्ये, गंगापूर रोडच्या गर्दीत चालताना ऐकायला ते पुरतं. ८० मिनिटांच्या डिस्कवर १६० मिनिटं मावतात. मात्र एलपीत भरलेली डिस्क २००० च्या आधीच्या प्लेअरवर वाजणार नाही. एलपी४ वर ३२० मिनिटं बसतात, त्यात व्याख्यान भरा, वसंत व्याख्यानमालेचं अख्खं सत्र भरा, गाणं भरू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला एमपी३ एसपीत टाकून आवाज सुधारत नाही, गेलेलं परत येत नसतं.

प्लेअरवर नेट एमडीची खूण नसेल, यूएसबीचं भोकच नसेल, तर मग वायरच. बऱ्याच सोनी रेकॉर्डरांत लाइन-इनच्या त्याच भोकात ऑप्टिकल केबलही बसते. संगणकाला ऑप्टिकल आउट असेल तर ती वापरा, आवाजाची पातळी जमवत बसावी लागत नाही. साध्या वायरीने करताना विंडोजचे सगळे सूचनांचे आवाज बंद करा. मेल आल्याचं टिंग भजनाच्या मध्यावर रेकॉर्ड झालं की सगळं पहिल्यापासून.

काकांच्या भरलेल्या डिस्क मात्र आत्ताच पुसू नका. त्यांनी माइक लावून काही घेतलेलं असू शकतं. काही सोनी नेट एमडींमधून वेब मिनीडिस्क प्रोच्या होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेल्या, मोडने ते संगणकावर परत काढता येतं. पूर्वी त्यासाठी २००६ सालचा एमझेड-आरएच१ हाच एक सरळ मार्ग होता आणि तो आता फार महाग मिळतो. सोनीने कोऱ्या डिस्क बनवणंही फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं, त्यामुळे आहेत त्या जपा. पुन्हा पुन्हा लिहून डिस्क झिजेल याची मात्र भीती नको, दहा लाख वेळा लिहिता येतं असं सोनी सांगायची.

प्लेअरच्या पाठीवर एमझेडने सुरू होणारा मॉडेल नंबर असेल, तो खाली कळवा. केबल कुठली लागेल आणि होमब्रू चालेल का ते पाहून सांगतो.