३५ हजारांचा लांडगा

वाचकांचे प्रश्न, गुराढोरांच्या डॉक्टरची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही शिंदखेडा तालुक्यात राहतो. माझ्या दिराने गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ३५ हजार रुपये मोजून कुत्र्याचं पिल्लू आणलं. तेव्हा ते दीड महिन्याचं होतं. विकणारा म्हणाला, याचा बाप सातपुड्यातला लांडगा आणि आई अल्सेशियन. आता ते ११ महिन्यांचं आहे. भुंकत नाही, रात्री गळा काढून रडतं. दोनदा साखळी तोडली. शेजारच्या काकूंच्या चार कोंबड्या मारल्या. दीर म्हणतात, त्याला कच्चं मांसच घालायचं, भाकरी खाल्ली तर तेज जातं. त्यांची नोकरी शिरपूरला, त्यामुळे खायला घालणं आणि खालचं काढणं माझ्याकडे. घरात पाच वर्षांची मुलगी आहे. याला रेबीजची लस चालते का? आणि हे जनावर घरात ठेवावं का? *(एक वाचक, शिंदखेडा तालुका)*

उत्तर : ताई, पत्रासोबत तीन फोटो पाठवलेत ते फार बरं केलं. पत्र एकदा वाचलं, फोटो मात्र चष्मा पुसून पुसून पाहिले.

दिराला राग येणार आहे, तरी लिहितो. माझ्या अंदाजाने तुमच्या अंगणात लांडगा नाही. अल्सेशियन आणि बर्फाळ मुलखातल्या हस्की कुत्र्याचा संकर आहे, फार तर त्यात गावठी मिसळलेलं असेल. अंदाज म्हणतोय, कारण छातीठोक सांगायचं तर जनुकीय तपासणीच हवी. डोळ्यांनी ओळखणारे बाजारात पुष्कळ आहेत, त्यातलेच काही विकतातही. पण हिशेब बघा. आखाजीला दीड महिन्याचं म्हणजे जन्म मार्चमधला. कुत्री साधारण ६३ दिवस गाभण राहते, म्हणजे ती जानेवारीत लागली. आपल्याकडच्या लांडग्यांचा हंगाम वर्षातून एकदाच, ऑक्टोबर ते डिसेंबर. पिल्लं थंडीत होतात. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, तिला महिन्याचं बंधन नाही. जन्ममहिना हा काही पुरावा नव्हे, पण शंका घ्यायला पुरेसा आहे.

दुसरं, 'सातपुड्यातला' हा शब्द. आपला लांडगा उघड्या माळाचा. खुरटं गवत, बोरी-बाभळी, मेंढरांचे कळप, तिथे तो राहतो. साक्री, शिंदखेडा, पारोळ्याकडच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. विकणाऱ्याला जंगल म्हटलं की सातपुडा आठवला, एवढंच. हा लांडगा अंगाने बेताचा, वीस किलोच्या आसपास, उन्हाळ्यात तर हाडकुळाच दिसतो. इंग्रजी सिनेमातला झुपकेदार पांढरा लांडगा तो वेगळाच. तुमच्या फोटोतल्या कुत्र्याची मान त्या सिनेमातल्यासारखी झुपकेदार आहे, ती हस्कीची. शेपटी पाठीवर वळलेली. छातीवर पांढरा ठिपका. आणि दुसऱ्या फोटोत मागच्या डाव्या पायाला आतल्या बाजूने वर लोंबणारं पाचवं नख दिसतंय, ते लांडग्याला नसतं. राहिलं रडणं. हस्की भुंकत कमी आणि गळा जास्त काढतो. एकट्याला साखळीला बांधलेला अल्सेशियनही तेच करतो.

आता तिसरा फोटो. तो पाहून मला रडण्यापेक्षा जास्त काळजी वाटली. कुत्र्याचे पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला वळलेत, मनगटं खाली बसलीत. वाढत्या पिल्लाला नुसतं बिनहाडाचं मांस घातलं की कॅल्शियम मिळत नाही, मग शरीर ते हाडांमधून ओढतं. दिराचं 'तेज' तिथे चाललंय. भाकरीबद्दल सांगतो. कुत्रा माणसाच्या उंबऱ्यावर यायला लागून १५ हजार वर्षं तरी झाली. तेवढ्या काळात त्याच्या अंगात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढल्या. लांडग्यात त्या दोनच असतात, बहुतेक कुत्र्यांत त्याच्या कितीतरी पट. भाकरी पचवणं ही कुत्र्याची कमाई आहे. तेव्हा ज्वारीची भाकरी, शिजवलेलं मांस, अंडं, थोडं ताक सुरू करा. भाकरीवर ठेचा नको, कांदा-लसूण अजिबात नको. कॅल्शियम किती द्यायचं ते पाय तपासून मी सांगेन, दुकानातून आपल्या मनाने बाटली आणू नका.

तुमच्या दिरासारखे लोक मला हल्ली दर दोन-तीन महिन्यांनी भेटतात. २०२५ मध्ये पन्नास कोटींच्या लांडगा-कुत्र्याची बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली, तेव्हापासून जास्तच. परदेशात अशा जाती खरोखर आहेत. १९५५ पासून त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियात अल्सेशियन आणि कार्पेथियन डोंगरातल्या लांडग्यांचा संकर सरकारी प्रयोग म्हणून झाला. त्यातून जी जात निघाली तिला आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाची पक्की मान्यता मिळायला १९९९ उजाडलं. नेदरलँड्समध्ये सार्लोस नावाच्या गृहस्थाने त्याआधीच, १९३०च्या दशकात, असा खटाटोप केला होता. त्याला कामाचा कुत्रा हवा होता. निघालं काय, तर परका माणूस दिसला की मागे सरकणारं, लाजरंबुजरं जनावर. लांडग्याचं रक्त म्हणजे शौर्य हा समज तिथेच फसला. लांडगा माणसाला घाबरतो, म्हणूनच आजवर टिकलाय.

आणि आपल्याकडे? मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास, विक्री थांबवायला सांगितलं होतं. त्या यादीत 'वूल्फ डॉग्ज' होते. पुढे पत्र कोर्टात गेलं, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. ते बाजूला ठेवू. पण बाप खरोखर आपल्याकडचा लांडगा असेल, तर कुणीतरी तो पकडला, डांबला किंवा बिळातून त्याचं पिल्लू उचललं, त्याशिवाय हे जमत नाही. लांडगा १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे विकणारा खरं बोलत असेल तर गुन्हेगार, खोटं बोलत असेल तर भामटा. शिवाय २०१७च्या श्वान पैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, तुमचं सहाव्या आठवड्यात विकलं. पावती दिली होती का? नसेलच.

माझं खरोखरच्या लांडग्याशी एकदा देणंघेणं झालं होतं. त्यात माझं काही कौतुक नाही. नोकरीची पहिली वर्षं, साक्री तालुका, पौष महिना. एक ठेलारी मेंढपाळ म्हातारा घोंगडीत गुंडाळून पिल्लू घेऊन आला. डोळे नुकते उघडलेले, रंग चॉकलेटी, कान अजून पडलेले. दूध पीत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, हे कुठलं?" तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "हाऊ कुत्रा शे, लिखी टाका." मला कळलं होतं. तरी मी नोंदवहीत लिहिलं : कुत्रा, नर, वय ३ आठवडे. शेळीचं दूध पातळ करून कापसाच्या बोळ्याने पाजायला सांगितलं. पिल्लू जगलं. तेव्हाच वन खात्याला कळवलं असतं तर ते त्याच दिवशी बिळापाशी परत ठेवता आलं असतं, आई घेऊन गेली असती. म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून मी कळवलं नाही. खरं कारण, कटकट मला नको होती.

वर्षभर सगळं छान. म्हाताऱ्याच्या मागे मागे फिरायचं, मेंढरांच्या वाड्यातल्या कुत्र्यांत झोपायचं. पुढच्या फाल्गुनात मी लस द्यायला वाड्यावर गेलो. संध्याकाळ, मेंढरं वाघुरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात घातलेली, चूल पेटलेली. तो चुलीपासून दहा पावलांवर पंजांवर हनुवटी टेकून पडला होता. समोर एक करडू उड्या मारत होतं. कुत्रं असतं तर कान हलवले असते, शेपटी आपटली असती, नाही तर अंगावर धावून गेलं असतं. हा नुसता पडून. फक्त डोळे करडासोबत डावीकडे, उजवीकडे. मग म्हाताऱ्याची नात घागर घेऊन आली, दगडाला ठेचकाळली, पडली आणि रडायला लागली. ते डोळे करडावरून निघून पोरीवर स्थिर झाले. तसेच. म्हातारा हळूच उठून मधे उभा राहिला आणि मला म्हणाला, "देखा डॉक्टर. गुरगुरत नही, नुसता देखस."

आठवडाभरात करडू गेलं. त्यांनी लांडग्याला लांब माळावर नेऊन सोडलं. नवव्या दिवशी परत आला, पण वाटेत दुसऱ्या गावात माणसांजवळ गेला, कारण माणसांची भीती आम्हीच काढून टाकली होती. तिथल्या लोकांनी काठ्यांनी मारला. माझ्या नोंदवहीत तो अजून कुत्राच आहे.

म्हणून दिराला सांगा, रक्त कुणाचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, जनावर काय करतंय. गुरगुरणारं कुत्रं निदान सांगून चावतं. तुमच्याकडे कोंबड्या मेल्या त्यात नवल नाही, हस्की कोंबडी सोडत नाही. मुलीकडे ते कसं बघतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. ती पळाली, किंचाळली, पडली, की काय करतं? हे मला तोंडी सांगा. तोवर मुलगी आणि कुत्रा एकटे, दार उघडं, पाच मिनिटंही नको.

रेबीजची लस टोचायचीच. माझ्या अंदाजाप्रमाणे कुत्रा असेल तर काहीच प्रश्न नाही. समजा खरोखर लांडगा-संकर असता, तर गोम अशी की लस कुत्र्यांसाठी तपासून मान्य झालेली असते. अमेरिकेत अशा संकराला या लशीची मान्यता नाही, त्यामुळे तिथे तो कुणाला चावला की लसीचा कागद धरत नाहीत. आणि लस दिली म्हणून चावा फुकट जात नाही. दात लागला, ओरखडा आला, तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं. तिखट, हळद, चुना काही लावायचं नाही. लगेच सरकारी दवाखान्यात, सगळे डोस पूर्ण.

साखळी काढा. दिवसभर साखळीला असलेलं तरणं कुत्रं कुठल्याही जातीचं बिघडतं. खळ्यात सहा फुटी जाळी मारा, बुडाला फरशी बसवा, कारण हस्की उकरतो. नसबंदी करून घ्या. चैत्राच्या आत सावली आणि पाण्याची सोय करा, बर्फातल्या केसांनी भुसावळ-धुळ्याचा उन्हाळा काढायचाय त्याला. सकाळी उन्हाच्या आधी आणि रात्री, असं दोनदा पळवून आणायचं. हे दिराने करायचं, तुम्ही नाही. त्याला जमत नसेल तर ३५ हजार विसरून, ज्याला जमेल अशा माणसाला कुत्रा द्यावा, 'लांडगा' म्हणून विकू नये. आणि माळावर नेऊन सोडू नये.

मंगळवारी धुळ्याला माझ्याकडे घेऊन या. येताना बैलाला घालतात तसं मुसकं नको, जाळीचं मुसकं आणा, त्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात. काकूंच्या चार कोंबड्यांचे पैसे त्याआधी देऊन टाका.

प्रश्न : आम्ही मेंढपाळ. आमच्या वाड्यावरची कुत्री माजावर आली की माळावरचा लांडगा जवळ फिरतो. जुने लोक म्हणतात, लागू द्या, पिल्लं धीट निघतील. खरं आहे का? *(एक वाचक, साक्री तालुका)*

उत्तर : भाऊ, वरचं उत्तर मोठं झालं, पण खरा संकर बाजारात नाही, तो तुमच्या वाड्यापाशी होतो. पुण्याजवळच्या माळांवर लांडग्यांच्या कळपात वेगळ्याच पिवळसर रंगाचे प्राणी दिसले होते, जनुकीय तपासणीत त्यांच्यात कुत्र्याचं रक्त निघालं. लांडगा आणि कुत्रा दोघांची गुणसूत्रं ७८, त्यामुळे पिल्लं वांझ होत नाहीत, पुढे वाढत जातात. माळावर लांडगे मुळात मोजके. जोडीदार मिळेना झाला की कुत्री बरी.

पिल्लं धीट निघतील म्हणता, कुणाच्या बाजूने धीट? मेंढरू राखायचं की मेंढरू खायचं, हे ज्याच्या अंगात पक्कं नाही असं जनावर रात्री वाघुरीपाशी तुम्हाला हवंय का? कुत्री माजावर आली की तीन आठवडे बांधून ठेवा, नाही तर एकदाच नसबंदी करा. वाड्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपरची लस द्या, कारण हे रोग तुमच्या कुत्र्याकडून लांडग्याला जातात. लांडग्याने मेंढरू नेलं तर मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका, ताबडतोब वनरक्षकाला बोलवा, पंचनामा झाला तर भरपाई मिळते. आणि बिळात पिल्लं दिसली तर पोरांना हात लावू देऊ नका. १९२६ हा वन खात्याचा फोन आहे, त्यावर कळवा. माझ्याकडे आणलंत तर मी आता 'कुत्रा' लिहिणार नाही.