रंगपंचमीला परसबागेतले स्प्रिंकलर लावून पोरांच्या पाण्याच्या हल्ल्यापासून बचाव करता येतो का?

येतो, पण तुम्ही लिहिलंय तसा नाही. घरामागे दोन स्प्रिंकलर आहेत, भाचे-पुतणे मिळून आठ-नऊ पोरं येणार, तुम्ही मोठे तिघंच; तर स्प्रिंकलर सुरू करून त्यामागे उभं राहायचं, असा तुमचा बेत दिसतो. त्यामागे उभे राहिलात तर पाच मिनिटांत चिंब व्हाल. मी झालोय.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. आमच्याकडे रंग रंगपंचमीला नाही, होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीलाच. तोवर हरभरा निघालेला असतो, गव्हाचं पाणी संपलेलं असतं, त्यामुळे तुषार सिंचनाचे (म्हणजे शेतातल्या स्प्रिंकलरचे) पाइप वावरातून घरी येऊन गोठ्याच्या भिंतीला थप्पी लागलेली असते. घर गावाच्या कडेला, विहीर घरामागेच. पाइप रिकामे, मोटार हाताशी आणि पोट्टेही रिकामे. व्हायचं ते झालंच.

पहिल्या वर्षी आम्ही आंगणाच्या मधोमध एक नोझल उभं केलं. खालच्या पुऱ्यातले पोट्टे बादल्या घेऊन आले आणि फाटकातच थबकले. आम्ही खूश. मग त्यांच्यातल्या एका सात-आठ वर्षांच्या पोरीच्या लक्षात आलं की पाण्याची मोठी धार जमिनीला धरून जातच नाही. वावरातल्या नोझलची धार 25-30 अंशांनी वर जाते आणि लांब पडते, दहा-बारा मीटरपर्यंत. नोझलच खाली अडीच फुटांच्या दांड्यावर असतं, म्हणजे चार-पाच पावलांवर उभ्या असलेल्या पोराच्या डोक्यावरून धार निघून जाते. जवळ पडतं ते मागच्या बारक्या छिद्राचं शिंतोडं. ती पोरगी वाकून सरळ नोझलपाशी आली, नोझलवरची टकटक करणारी हातोडी मुठीत धरली आणि नोझल आमच्यावर फिरवलं. हातोडी धरली की फिरणं बंद, धार एकाच जागी. आम्ही गोठ्यात पळालो. मोठेबाबा ओट्यावरून ओरडले, "अबे, तोफ लावली अन् तोफेपाशी माणूसच ठेवला नाही!"

त्यांचं म्हणणं खरंच होतं. ही हातोडीची युक्ती 1933 साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडोरा गावच्या ऑर्टन एंगलहार्ट नावाच्या बागायतदाराने काढली. त्याची बाग संत्रा-लिंबाच्या जातीची, हे आमच्या वरुड-मोर्शीवाल्यांना ऐकून बरं वाटेल. धार हातोडीला ढकलते, स्प्रिंग तिला परत ओढते, परत येताना ती नोझलला टोला देते आणि नोझल थोडं सरकतं. टोला-टोला करत गोल पूर्ण. धारेपुढे कोण आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आणि एका चालीने फिरणाऱ्या गोष्टीची चाल पोट्टे फार लवकर ओळखतात. आमच्या नोझलची फेरी मिनिटाच्या आतबाहेर होती. दुसऱ्या फेरीपासून ते धारेच्या मागे-मागे चालत आत यायला लागले, जसं पाटाच्या पाण्यामागे बगळे चालतात.

म्हणून दुसऱ्या वर्षी डाव बदलला. पाण्याच्या लढाईत अंग कोरडं ठेवण्यात काही अर्थ नसतो, जिंकतो तो ज्याचं टाकं शाबूत. बादली रिकामी झाली की समोरच्याला भरायला कुठेतरी जावंच लागतं. आम्ही नोझल टाक्याच्या अलीकडे लावलं, दोन्ही बाजूंना गोठा आणि कडब्याची गंजी, म्हणजे टाक्याकडे यायची एकच वाट. दांडा काढून नोझल पाइपच्या कपलिंगवरच बसवलं, म्हणजे धार कमी उंचीवरून निघाली आणि खालून शिरायची सोय राहिली नाही. नोझलपाशी एक माणूस बसवला. त्याने बादली उचलायची नाही, हातोडी राखायची.

तुमच्या स्प्रिंकलरला अर्धगोलाची खटकी असेल (मानेजवळ दोन तारेच्या क्लिपा दिसतील), तर ती नक्की वापरा. पाठीमागे फुकट पाणी जात नाही. शिवाय जाताना नोझल टकटक करत सावकाश जातं, पण टोकाला क्लिप लागली की सरसर परत येतं. धार पुढे गेली म्हणून जो धावतो, तोच परतीच्या धारेत सापडतो. नऊ पोरांपैकी सहा तरी याला फसतील. एकदाच, पण फसतील. दोन्ही स्प्रिंकलर लावणार असाल तर दोघांचा वेग मुद्दाम सारखा करायला जाऊ नका. वेग वेगळा असला की मधली मोकळी वेळ दर फेरीला बदलते आणि मोजणारा चुकतो.

आता तुमच्या घरची खरी अडचण. तुमचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असणार. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब, म्हणजे एक मजली घराच्या टाकीतून अर्धा किलोही मिळायचा नाही. हातोडीच्या नोझलला दोन-अडीच किलो लागतो. टाकीच्या पाण्यावर ते नुसतं लाळ गाळतं. तीन हातांची प्लास्टिकची फिरकी मात्र कमी दाबावरही फिरते, तिचा घेर दोन-तीन मीटरचा असतो, दार राखायला तेवढा पुरे. आणि हे विसरू नका: त्याच नळावर हातातला पाइप आणि फिरकी दोन्ही लावलेत तर दोन्ही मरतील. आम्ही तिसऱ्या वर्षी हेच केलं, चार नोझल एका मोटारीवर नाही, एका घरच्या नळावर! त्या दिवशी मोटारीच्या लाइनची, म्हणजे शेतीच्या विजेची, पाळी रात्रीची होती, म्हणून नळावर भागवायला गेलो. चारही नोझल मान खाली घालून उभे. पोट्टे हसत-हसत आत आले.

पाण्याचा हिशोबही सांगून ठेवतो. वावरातलं एक नोझल मिनिटाला 25-30 लिटर सोडतं. वीस मिनिटं चाललं तर 500-600 लिटर. जल जीवन मिशनने खेड्यात माणशी दिवसाला 55 लिटर धरलेत, म्हणजे दहा माणसांचं एक दिवसाचं पाणी. मार्चात आमच्याकडे असं पाणी नुसतं उडवलं तर मोठी माय घरात घेणार नाही. म्हणून नोझल लिंबाच्या झाडांकडे तोंड करून लावतो, आणि विहिरीच्याच पाण्यावर. एकदा सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यावर लावलं होतं. पाण्याने वाफ्याचं काही बिघडलं नाही, पोट्ट्यांच्या पायांनी त्याची चटणी झाली. जमीन काळी असेल तर नोझल फार वेळ एका जागी चालवू नका. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, पंधरा मिनिटांत घसरगुंडी होते. आपला बचाव करणारेच आधी पडतात. पुतण्याचं कोपर सुजलं होतं तीन दिवस.

मोटार असेल तर स्टार्टरपाशी एकच मोठा माणूस, कोरडा, पायात चप्पल घातलेला. तो लढाईत नाही. जवळून मोठ्या नोझलची धार डोळ्यावर घेऊ देऊ नका, आणि हातोडी राखणारा पोरगा असेल तर फिरत्या हातोडीत बोट घालू नको म्हणून आधीच सांगा; पितळ लागतं. टाकीत रंग टाकू नका. पळसाची फुलं उकळलेलं पाणी आम्ही एकदा हौसेने टाकलं होतं, पाकळ्यांचा चोथा नोझलमध्ये अडकला आणि तार घालून काढत बसलो.

एक गोष्ट मात्र गमतीत घेऊ नका. फवारणीचा पाठीवरचा पंप पिचकारी म्हणून कुणी आणला तर तिथेच हिसकावून घ्या, कितीही धुतलेला असो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता-करता विषबाधेने माणसं गेली, ते आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही.

बाकी तुम्ही तिघं आहात तर एक हातोडीपाशी, एक टाक्यापाशी आणि एक पळणारा, इतकं पुरतं. सकाळी लवकर आटपा, दुपारी वारा सुटला की सगळं आपल्याच अंगावर येतं. आमच्याकडे हल्ली होळीच्या आदल्या दिवशी मोठेबाबा सगळी नोझलं ट्रंकेत टाकून कुलूप लावतात. किल्ली मोठ्या मायजवळ असते, आणि मोठी माय गेल्या दोन वर्षांपासून खालच्या पुऱ्याकडून खेळते.