‘गोड आहे हो’ कसं मोजायचं?

प्रिय मुली,

लोक बोलीकडे कसं बघतात हे मोजणारी तुझी प्रश्नावली दोनदा वाचली. सातवा प्रश्न आधी काढून टाक. ‘तुम्हाला वऱ्हाडी आवडते का?’ असं विचारलंस तर पुण्यातला माणूस ‘हो, फार गोड आहे’ असंच म्हणणार. तोंडावर नाही कोण म्हणतं? पण त्याच बोलीत बोलणाऱ्या वकिलाकडे तो आपली केस देईल का, हे वेगळं मोजावं लागतं.

मानसशास्त्रज्ञ लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांचा १९६०चा, कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधला प्रयोग तुला ठाऊक आहेच. एकच माणूस एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये तोच उतारा वाचतो. ऐकणाऱ्याला वाटतं दोन माणसं आहेत, आणि तो नुसत्या आवाजावरून दोघांना गुण देतो. इंग्रजी आवाजाला जास्त गुण मिळाले, अगदी उंचीतसुद्धा! आवाजावरून उंची! आणि फ्रेंच भाषकांनीच फ्रेंच आवाजाला अनेक बाबतींत इंग्रजी भाषक श्रोत्यांनी दिले त्याहूनही कमी गुण दिले. दयाळूपणात मात्र आपल्या भाषेला झुकतं माप दिलं. म्हणजे आपलं ते ‘गोड’च. म्हणून प्रतिष्ठा आणि आपुलकी यांची बेरीज करून एकच आकडा काढू नकोस.

मी तरुणपणी हाच प्रयोग करायला गेलो आणि तोंडघशी पडलो. माझा वाचक प्रमाण मराठी आणि वऱ्हाडी दोन्ही सफाईने बोलायचा, पण वऱ्हाडी वाचताना नकळत नाटकातला विनोदी गडी व्हायचा. ‘विनोदी’ या रकान्यात भरभरून गुण पडले, मी खूश. नंतर टेप पुन्हा ऐकली तेव्हा कळलं, लोकांनी गुण बोलीला दिले नव्हते, सोंगाला दिले होते. तू ध्वनिमुद्रणं आधी अकोल्याच्या चार जणांना ऐकव. ते हसले तर ती फेकून दे.

आणि बदलायचं नेमकं काय, ते ठरव. फक्त ‘पाणी’चं ‘पानी’? की ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘करून राह्यला’सुद्धा? सगळं एकदम बदललंस तर गुण कशामुळे घसरले ते सांगता येणार नाही.

दोनशे श्रोते जमवणार म्हणतेस, छान. पण वाचक एकच असेल तर तू बोली नाही, त्या एका माणसाचा गळा मोजतेयस. श्रोते थोडे कमी चालतील, वाचणाऱ्यांची संख्या वाढव. विश्लेषणात मिक्स्ड मॉडेल घे आणि श्रोता व वाचक या दोघांचाही यादृच्छिक परिणाम धर, म्हणजे माणसामाणसांतला फरक बोलीच्या परिणामापासून वेगळा काढता येईल.

सरासरी काढण्याआधी आलेख बघ. सात बिंदूंच्या मापावर निम्म्यांनी २ दिले, निम्म्यांनी ६, तर सरासरी ४ येते, आणि ४ तर कुणीच दिलेला नसतो. बहुधा ते दोन गट कुठून आले, हाच तुझा प्रबंध.

पहिल्या चार ध्वनिफिती पाठव. कोणती कुणाची ते लिहू नकोस. मलाही ओळखता येते का बघू.

तुझा,
सर