रिपोर्ट दोन, आकडा जवळजवळ तोच

"ताई, यातलं खरं कुठलं धरायचं?" एवढंच म्हणून तिने दोन सोनोग्राफी रिपोर्ट माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिलटकरीण, ३३ वा आठवडा. बाळाचं अंदाजे वजन आठव्या पर्सेंटाइलवर, म्हणजे त्याच आठवड्याच्या शंभरातली साधारण ब्याण्णव बाळं याच्याहून मोठी. एका रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं, 'नाळेतल्या रक्तप्रवाहाला रोध वाढलेला'. दुसऱ्याच्या शेवटी, 'डॉप्लर नॉर्मल'; डॉप्लर म्हणजे सोनोग्राफीतच रक्ताचा प्रवाह मोजणं. मध्ये दोनच दिवस गेलेले. पहिल्या रिपोर्टमधल्या त्या ओळीखाली नवऱ्याने लाल पेनने दोनदा रेघ ओढली होती. तिचे डोळे झोप नसल्याचं सांगत होते.

बाळ लहान आहे असं कळलं की बहुतेक आया हेच विचारतात: माझ्या बाळाला रक्त पोचतंय ना? आणि आवाज खाली आणून पुढचा प्रश्न: माझंच काही चुकलं का?

मी दोघांना निष्कर्ष बाजूला ठेवून आकडा शोधायला लावला. नाळेच्या धमनीचा पी. आय. (रोधाचा आकडा) पहिल्या रिपोर्टमध्ये १.२०, दुसऱ्यात १.१८. नवरा दोनदा वाचून म्हणाला, "अहो, हे तर एकच आहे!" एवढा फरक तर बाळ जरा हललं, किंवा नाळेची थोडी वेगळी जागा धरली तरी पडतो. बाळाच्या पोटाजवळ रोध जास्त भरतो, वारेच्या (प्लॅसेंटाच्या) टोकाला कमी. म्हणून मधला मोकळा तरंगणारा भाग धरायचा आणि बाळ शांत असताना मोजायचं, अशी पद्धत आहे.

मग निकाल वेगळे कसे? मी दोन्ही रिपोर्टच्या तळाशी बोट ठेवलं. अगदी बारीक अक्षरांत तुलनेसाठी वापरलेल्या तक्त्याचं नाव होतं. दोन ठिकाणी दोन वेगळे तक्ते.

पी. आय. हा रोधाचा आकडा. बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही रक्त वारेकडे वाहत राहायला हवं. वार चांगली असली की रोध कमी असतो आणि आठवड्यागणिक आणखी उतरतो. म्हणून १.२० हा आकडा २४ व्या आठवड्यात कुणी मनावर घेत नाही, पण ३६ व्या आठवड्यात त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. नुसत्या आकड्याला अर्थच नाही, तो आठवड्याच्या तक्त्यावर ठेवूनच वाचायचा. आता हे तक्ते वेगवेगळ्या संशोधकांनी वेगवेगळ्या गरोदर स्त्रियांची मापं घेऊन बनवलेत. कुणाला घ्यायचं, कुणाला वगळायचं, नाळ कुठे मोजायची, रेषा कशी आखायची, सगळ्यांत फरक. पंच्याण्णवाव्या पर्सेंटाइलची रेषा एका तक्त्यात तिच्या आकड्याच्या जरा खाली होती, दुसऱ्यात जरा वर. शिवाय ज्या निरोगी बाळांवरून तक्ता बनतो, त्यांच्यातलीही शंभरात पाच त्या रेषेच्या वर असतातच. रेषा ओलांडली म्हणजे कडा कोसळला असं नाही, तिथून लक्ष वाढवायचं.

नवऱ्याची खरी भीती मग बाहेर आली. मेंदूच्या धमनीचा पी. आय. १.९८ होता. नाळेचा १.२० वाईट, तर हा किती वाईट असेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. इथे मी मुद्दाम वेळ घेतला, कारण हा घोळ फार जणांचा होतो. मेंदूचं गणित उलटं आहे. बाळाला प्राणवायू कमी पडू लागला की ते मेंदूकडच्या वाटा रुंद करतं, म्हणून तिथला रोध घसरतो. नाळेचा चढणं वाईट, मेंदूचा उतरणं वाईट. म्हणून दोन्हींचं गुणोत्तरही बघतात. मी कागदावर भागाकार केला: १.९८ भागिले १.२० म्हणजे १.६५. दोन्ही रिपोर्टांत ते नॉर्मलच दाखवलं होतं. तो खुर्चीत मागे टेकला, बराच वेळाने.

"आणि माझं काही चुकलं?" नाही. काही बाळं अंगानेच लहान असतात, आणि काहींची वार कमी पडते. वार आईच्या इच्छेने वाढत नाही. कोणी कितीही सुचवलं तरी हा दोष तिने अंगावर घ्यायचा नाही, हे मी तिला त्या तासात तीनदा सांगितलं. गरज पडली तर चौथ्यांदाही सांगितलं असतं.

दर वेळी नवं सेंटर गाठून नवा निकाल आणण्याच्या मी ठाम विरोधात आहे. तिलाही तेच सांगितलं: एकच सेंटर, एकच तक्ता, पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीने ठरलेले आठवडे, आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत. किती दिवसांनी बघायचं ते तिच्या डॉक्टरांनी ठरवलं. ३५ व्या आठवड्यात नाळेचा आकडा १.०५ आला, बाळ आपल्याच रेषेवर वाढत होतं.

३६ व्या आठवड्यात रात्री तिचा फोन आला, हालचाल कमी वाटतेय. परवाचं डॉप्लर चांगलं होतं, सकाळपर्यंत थांबू का? मी म्हटलं, आत्ता निघा. डॉप्लर त्या दिवसाचं सांगतं, आजच्या रात्रीचं नाही. दवाखान्यात काढलेली बाळाच्या ठोक्यांची पट्टी चांगली आली आणि ती घरी परतली.

पुढे डॉक्टरांनी ३८ व्या आठवड्यात कळा आणायचं सुचवलं, तेव्हा ती चिडलीच. "आकडे चांगले आहेत ना, मग आता घाई कशाला?" तिचा प्रश्न रास्त होता. शेवटच्या आठवड्यांत वार दमली तरी नाळेचं डॉप्लर बऱ्याचदा चांगलंच दिसत राहतं, म्हणून लहान बाळाच्या बाबतीत नुसत्या त्या आकड्यावर विसंबून वाट बघत नाहीत. हे ऐकून ती जरा वेळ गप्प राहिली, मग बॅग भरायला लागली.

मुलगी झाली. दोन किलो तीनशे ऐंशी ग्रॅम. पहिल्या तासातच दूध ओढायला लागली.