फसलेल्या बैठकीनंतर

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सायकलमार्गाच्या आराखड्यावर रहिवाशांची बैठक बोलावलीस, शंभर खुर्च्या मांडल्या, तीसेक माणसं आली, भिंतीवर देखणे नकाशे होते आणि दोन तास बोलणं झालं ते गाड्या कुठे लावायच्या यावर. चालणं आणि सायकल हे शब्द तुझ्याखेरीज कोणाच्या तोंडून निघाले नाहीत. शेवटी पहिल्या रांगेतले ते गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सगळं ठरलेलंच आहे, मग आम्हाला बोलावलंत कशाला?" तुला ते फार लागलेलं दिसतंय.

त्यांचा प्रश्न रास्त होता. नकाशात झाडांच्या सावल्यासुद्धा रंगवून झाल्यावर "तुमचं मत काय" असं विचारलं, की लोकांना काय ते कळतं. मुळात काय ठरलंय आणि काय बदलता येईल, हे तुला तरी नीट माहीत होतं का? सायकलमार्ग कुठल्या रस्त्यावरून जाणार हे पक्कं, पैसे किती तेही पक्के. पण तो रस्त्याच्या कुठल्या बाजूने जाईल, ओलांडायच्या जागा कुठे असतील, पार्किंग किती आणि कुठून कमी होईल, बाकं कुठे बसतील, हे सगळं मोकळं आहे ना? मग पहिल्या पाच मिनिटांत तसं सांगून टाकायचं. लोक चिडतील. पण आपल्याला फसवलं म्हणून चिडणं वेगळं आणि हे वेगळं. शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात नुसतं मत विचारणं खालून चौथ्या पायरीवर येतं आणि त्याची गणना त्यांनी दिखाऊ सहभागात केली आहे. माझी बहुतेक नोकरी त्या चौथ्या पायरीवर गेली. निदान आपण सातवीवर, जिथे निर्णयाचा अधिकारच लोकांकडे जातो, उभे आहोत असा आव तरी आणू नये.

तुझी प्रश्नावलीही पाहिली. "परिसरात सायकलमार्ग व्हावा असं तुम्हाला वाटतं का?" हा प्रश्न काढून टाक. "हो" म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक रस्ता असतो आणि "नाही" म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलताच. काल घरातून निघून कुठे गेलात, वाटेत कुठे थांबलात, कोणत्या चौकात मुलाचा हात घट्ट धरता, कोणता रस्ता टाळून लांबून जाता, असं विचार. योजनेबद्दलचं मत माणूस बैठकीत बसल्या बसल्या बनवतो. रोजची वाट मात्र त्याच्या पायांना पाठ असते.

डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकारांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच रस्त्यांवर असंच काहीसं केलं होतं. एकावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. तुमचे शेजारी मित्र कुठे राहतात आणि "माझं घर" कुठपर्यंत वाटतं, हे त्यांनी रहिवाशांना विचारलं आणि नकाशावर उतरवलं. शांत रस्त्यावर ते घर रस्ता ओलांडून समोरच्या दारापर्यंत पोचत होतं. गजबजलेल्या रस्त्यावर ते घराच्या आतच आक्रसलं होतं आणि शेजारातले मित्र तिपटीने कमी होते. वाहतुकीबद्दल थेट मत विचारून हे हाती लागलं असतं असं मला वाटत नाही.

आता माझीच फजिती सांगते. एका रस्त्याचा आराखडा पूर्ण झाल्यावर, केवळ अहवालात फोटो हवा म्हणून, मी एका आजींबरोबर चालायला गेले. सिग्नलच्या चौकात आम्ही ओलांडायची ऐसपैस जागा दाखवली होती. आजी तिकडे वळल्याच नाहीत. मधेच एका विजेच्या खांबापाशी थांबल्या, डाव्या हाताने खांब धरला, उजवा पाय फुटपाथच्या कडेवरून हळूच खाली सोडला, मग दुसरा. गाड्यांमध्ये खंड पडेपर्यंत तशाच खांबाला धरून उभ्या. चौकात का नाही ओलांडत, विचारलं. म्हणाल्या, "तिथला हिरवा माणूस माझ्यासाठी थांबत नाही." सिग्नलचं गणित साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चालीवर बसवतात. म्हणजे बारा मीटरच्या रस्त्याला दहा सेकंद. आजींच्या चालीने पंधरा लागत होते. आणि तो खांब? आमच्या आराखड्यात त्यावर लाल फुली होती. अडथळा म्हणून.

अडथळा तो होताच, चाकाच्या खुर्चीला. हेही लक्षात ठेव, कारण "रहिवाशांचं म्हणणं" असं एकगठ्ठा काही नसतं. खुर्चीवाल्याला फुटपाथची कड रस्त्याशी सपाट हवी असते. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला तीच कड लागते, नाहीतर फुटपाथ कुठे संपला ते त्याला कळणार कसं? दोघंही बरोबर. जपानमध्ये सेइची मियाके यांनी उठावदार ठिपक्यांच्या फरशा तयार केल्या आणि १९६७ साली त्या ओकायामात पहिल्यांदा बसल्या. आज फुटपाथच्या उताराच्या तोंडाशी त्या असतात, म्हणून उतारही जमतो आणि काठीलाही खूण मिळते. अशी जोडणी दोघांना एकाच कोपऱ्यावर एकत्र उभं केल्याशिवाय सुचत नाही. आजींसाठी आम्ही अखेर सिग्नलची वेळ वाढवून घेतली आणि खांब हलवला, पण तिथे हाताला धरायला एक कठडा ठेवला. तो बसवायला सात महिने लागले, ते जाऊ दे.

बैठकीला न येणाऱ्यांकडे तूच जायचं. रात्रपाळीवाले, लहान मूल कडेवर असलेल्या आया, शाळकरी मुलं. मुलांशी बोलताना खाली बस. तीन वर्षांच्या मुलाची उंची ९५ सेंटिमीटरच्या आसपास असते. तिथून उभ्या गाड्यांच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. दुकानदार म्हणतील की गिऱ्हाईक गाडीनेच येतं. वाद घालू नकोस. दिवसभर दारात उभं राहून त्यांच्याच सोबतीने मोज. गाडीने येणाऱ्यांचा त्यांचा अंदाज बहुधा चढा निघतो.

जे नंतर पुसता-हलवता येईल असं काहीतरी आधी रंग आणि कुंड्या वापरून रस्त्यावर करून दाखव. स्टॉकहोममध्ये गर्दी कमी करायला गाड्यांवर लावायच्या कराला आधी मोठा विरोध होता. २००६ मध्ये तो सात महिने लावून पाहिला आणि मगच सप्टेंबरात शहराचं मत घेतलं, तेव्हा कौल बाजूने पडला. आपला विषय वेगळा आहे, पण न पाहिलेल्या रस्त्याला हात वर करायला कोण तयार होईल? फक्त प्रयोग कधी संपणार आणि कशावरून तो फसला असं मानणार, हे आधीच लिहून लाव. आणि प्रयोगाआधीची मोजदाद चुकवू नकोस, ती नंतर करता येत नाही.

बैठकीत लोकांनी सूचना लिहून भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचं काय केलंस, ते तू लिहिलं नाहीस. मी एकदा अशा तीनेकशे चिठ्ठ्या गोळा करून कपाटात ठेवल्या होत्या. दोन वर्षांनी एका बाईंनी रस्त्यात अडवून विचारलं, "माझ्या चिठ्ठीचं पुढे काय झालं?" उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी यादी लावते. अमुक सूचना घेतली, अमुक घेतली नाही आणि का घेतली नाही. "नाही" चा रकाना लांबच लांब असतो, आणि लोक वाचतात तोच.

त्या पहिल्या रांगेतल्या गृहस्थांचं नाव हजेरीच्या कागदावर असेल. त्यांना फोन कर, त्यांच्या रोजच्या वेळेला त्यांच्याबरोबर चालून ये. नकाशा नेऊ नकोस.

तुझी,
मावशी